मलूल तलंग

१

खुराड्याचं दार उघडलं की आठ कोंबड्या बस चुकेल अशा घाईने एकमेकींना ढकलत बाहेर पडायच्या. त्या सकाळी सातच पडल्या.

आत्या कडी हातात धरून आठवीची वाट बघत थांबली. मग वाकून तिने आत नजर टाकली. आठवी, म्हणजे कळपातली सगळ्यांत तरुण, अजून एकही अंडं न घातलेली तलंग, खाली भुशात बसली होती. पिसं फुगवलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले. तिचं नाव उनाड. एरवी तिला पकडायला दोन माणसं आणि एक टोपली लागायची. आज आत्याने तिला एका हाताने उचललं तरी तिने साधी कुरकुर केली नाही.

"भिंग!" आत्याने हाक मारली. "इकडे ये. आणि तो कप ठेव खाली."

भिंग ही आत्याची भाची. लहानपणापासून प्रत्येक गोष्ट डोळ्यांपाशी नेऊन बघायची, म्हणून आतोबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. प्राणिशास्त्राची पदवी हातात आली होती, नोकरी यायची होती, आणि मधला काळ ती आत्याकडे काढत होती. तिने उनाडचा तुरा बोटांत धरला. बाकीच्यांचे तुरे लालभडक होते. हिचा धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा फिका होता.

आत्याची सगळी नोकरी इस्पितळाच्या वॉर्डात गेलेली. तिने कुणाला विचारत न बसता उनाडला टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणलं, गुळाचं पाणी पाजलं, मऊ दाणे भरवले. काही दिवसांत उनाड टोपलीतून उडी मारून ओट्यावर चढली आणि तिने पिठाचा डबा सांडला. आत्याने तिला बरी झाली म्हणून घोषित केलं आणि परत खुराड्यात सोडलं.

दोन सकाळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या सकाळी पुन्हा सातच कोंबड्या बाहेर आल्या.

"घरात बरी होते, बाहेर गेली की आडवी होते," आत्या म्हणाली. तिचा आवाज वॉर्डात रात्रपाळीच्या मुलींना झापताना व्हायचा तसा झाला होता. "याचा अर्थ सरळ आहे. कुणीतरी तिला विष घालतंय. आणि कोण, तेही मला ठाऊक आहे."

तिने कुंपणाच्या भिंतीकडे बोट केलं.

२

भिंतीपलीकडे घड्याळवाला राहत होता. एकटा, नीटनेटका, रागीट. त्याच्या भाजीच्या वाफ्यांवरून आणि आत्याच्या कोंबड्यांवरून दोघांचं नेहमी वाजायचं. अलीकडे त्याने वाफ्यांभोवती कसलीशी करडी पूड टाकली होती.

पण आधी जनावरांचा डॉक्टर आला. त्याने उनाडची चोच उघडून बघितली, गळ्याची पिशवी चाचपली, पंखांखालची पिसं उलटी करून बघितली, विष्ठेचा नमुना नेला आणि दुसऱ्या दिवशी निरोपाऐवजी स्वतःच आला.

"जंत नाहीत. पिशवी मोकळी आहे. अंगावर किडा नाही, ताप नाही. रक्त मात्र कमी आहे. का कमी आहे ते मला सांगता येत नाही."

"मग औषध?" आत्याने विचारलं.

"कशावर देऊ?" डॉक्टरने चष्मा पुसला. "सिस्टर, तुम्ही वॉर्डात काम केलंय, तुमच्याशी आडपडदा ठेवत नाही. आसपास प्रत्येक घरात कोंबड्या आहेत. शनिवारी मी परत येतो. तोवर दुसरी एखादी अशीच बसली आणि कारण सापडलेलं नसलं, तर मी ती साथ धरणार. मग आठही संपवाव्या लागतील. खुराडं रिकामं ठेवावं लागेल."

आत्याने नुसती मान हलवली आणि आत जाऊन भांडी घासायला घेतली. ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

आतोबा भिंगला अंगणात घेऊन गेले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोलायचे कमी, आणि तेही हळू.

"निवृत्त झाली तेव्हा ही महिनोन्‌महिने पलंगावरून उठत नव्हती," ते म्हणाले. "जेवायला उठायची, परत भिंतीकडे तोंड. मग कुणीतरी एक खुडूक कोंबडी आणून दिली. मी तिच्याखाली अंडी ठेवली. या सगळ्या त्या कोंबडीच्या लेकी-नाती. हिने हाताने वाढवलेल्या. त्या गेल्या तर..."

भिंगला ते वाक्य पुरं करून घ्यायची गरज वाटली नाही.

"म्हणजे शनिवारपर्यंत कारण शोधायचं," ती म्हणाली.

"शोध बाई," आतोबा म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांनी नजर खुराड्याच्या छपराकडे वळवली.

३

घड्याळवाल्याने दार उघडलं ते एका डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेतच.

"सिस्टरनी पाठवलं?"

"नाही काका, मीच आले."

"मग आत ये. त्यांनी पाठवलं असतं तर बाहेरच उभी केली असती."

टेबलावर एक मनगटी घड्याळ पोट उघडं टाकून पडलं होतं. त्याने त्यावर काचेचं झाकण ठेवलं.

"मी कोंबडीला विष घातलं असं त्या सगळ्या गल्लीत सांगत फिरतात. खरं?"

"सगळ्या नाही, अर्ध्या," भिंग प्रामाणिकपणे म्हणाली. "वाफ्याभोवती काय टाकलंय?"

"चुलीतली राख! गोगलगाई येऊ नयेत म्हणून. चाटून दाखवू?"

"नको. थोडी द्या, मी बघते."

तिने राख बोटांवर चोळली, वास घेतला, पाण्यात टाकून हलवली. राखच होती. शिवाय सरकार, म्हणजे कळपातली सगळ्यांत दांडगी कोंबडी, रोज त्याच वाफ्यात लोळायची आणि ती तर ठणठणीत होती. पण निर्दोष सुटण्यासाठी एवढं पुरेसं नव्हतं. पूड बदलता येते.

"उनाड तुमच्याकडे येते का?"

"येते का? अगं, तीच तर मुख्य आरोपी! सकाळी भिंतीपाशी पेंगत बसलेली असते, म्हातारीसारखी. वाटतं, आज तरी सुटलो. दुपार कलली की हिच्या अंगात येतं. संध्याकाळपर्यंत माझी कोथिंबीर उपटून मोकळी." त्याने नाक फेंदारलं. "सांग तुझ्या आत्याला, माझ्याकडे येऊन ती सुधारते म्हणावं. फी पाठवा."

भिंग उठता उठता परत बसली.

"रोज असंच? सकाळी वाईट, संध्याकाळी बरी?"

"मी दिवसभर खिडकीत बसतो. दुसरं बघायला आहे काय इथे?"

दिवसा खाल्लेल्या विषाने कोंबडी संध्याकाळी वाईट दिसायला हवी. ही सकाळी वाईट दिसत होती आणि दिवसभर मोकळ्यावर फिरून सावरत होती. म्हणजे तिचं जे काही बिघडत होतं ते रात्री बिघडत होतं. आणि रात्री उनाड कुठे असते? वीट-चुन्याच्या चार भिंती, पत्र्याचं छप्पर, बारीक जाळीची एक खिडकी आणि बाहेरून कडी. ती कडी रोज एकच माणूस लावायचा.

आतोबा.

"काका, तुमचं ते डोळ्याचं भिंग मला दोन दिवस द्याल?"

"भिंगाला भिंग कशाला?" तो म्हणाला. पण दिलं.

४

खुराड्याची झडती तिने भर दुपारी घेतली. आतोबा दारात उभे राहिले.

"कडी तुम्हीच लावता?"

"मीच. ही दिवसभर वाकून वाकून थकते."

"रात्री कधी उघडता?"

"कशाला उघडू? त्या झोपतात, मीही झोपतो."

जाळी शाबूत होती. भिंतीत उंदीर शिरेल एवढंही भोक नव्हतं. खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत कोंबड्यांना बसायला एक लांब दांडी होती. भिंगने घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून दांडीचा वरचा भाग तपासला. लाकूड, धूळ, एक पीस. बाकी काही नाही. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. दरवर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी खुराडं आतून चुन्याने रंगवायचं हा आत्याचा नियम होता आणि तो इस्पितळातून सरळ इथे आला होता.

दांडीचं आतलं टोक भिंतीत जिथे शिरत होतं, त्याच्या वर, छपराला लागून एक फळी ठोकलेली होती. हातभर लांब, आडवी.

"ही कशाला?"

"गळतं तिथे," आतोबा म्हणाले.

भिंगने फळीखालच्या भिंतीवरून बोट फिरवलं. पाण्याचा एकही ओघळ नव्हता. उलट चुना फळीच्या कडेला येऊन एका सरळ रेषेत थांबला होता, पाटीवर अक्षराभोवती रंग थांबतो तसा. म्हणजे फळी आधी आली, चुना नंतर.

"कधीपासून गळतं?"

"झालं की बरेच दिवस." आतोबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "चल, उकडतंय आत."

ज्या माणसाने सगळं आयुष्य सरळ रेषा ओढल्या, त्याला खोटं सरळ बोलता येत नव्हतं. पण हे खोटं कशासाठी? कोंबड्यांचा त्यांना वैताग होता का? सकाळचा कलकलाट, झोपमोड? ज्या माणसाने बायकोला अंथरुणातून उठवायला अंडी उबवायला ठेवली, तो माणूस त्यातलीच एक मारेल? भिंगला हे जुळेना. आणि जे जुळत नाही ते ती सोडत नसे.

त्या संध्याकाळी तिने उनाडला पुन्हा स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवलं. बाकी सातजणी खुराड्यात गेल्या. आतोबांनी कडी लावली.

शुक्रवारी सकाळी आत्याने दार उघडलं आणि ती तशीच दारात बसली. सहा कोंबड्या तिच्या अंगावरून उड्या मारून गेल्या. भित्री नावाची कोंबडी आत भुशात पडून होती, डोळे अर्धवट मिटलेले.

दुसरी.

५

"डॉक्टरला आजच बोलावून घे," आत्या म्हणाली. तिने भित्रीला मांडीवर घेतलं होतं. "उद्याची वाट कशाला बघायची? साथ म्हणजे साथ. वॉर्डात आम्ही लपवत नव्हतो."

"आत्या, उनाड कशी आहे?"

"ती काय, बरी आहे. रात्रभर माझ्या चपलेत बसली होती."

"साथ असती तर खोली बदलून बरी झाली असती?"

आत्या फोनकडे गेली नाही. "मग काय आहे ते सांग ना! का नुसती प्रश्नच विचारणार आहेस, परीक्षेतल्यासारखी?"

भिंगने भित्री स्वयंपाकघरात नेली, उरलेला दिवस अंगणात काढला आणि कोंबड्या झोपायला जायच्या वेळेला खुराड्याच्या खिडकीशी उकिडवी बसली. हा तमाशा तिने आजवर कधीच बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता. दार लावलं की सगळे जेवायला जायचे.

पहिली सरकार दांडीवर चढली. तिने खिडकीजवळची, वाऱ्याची जागा घेतली. हवा गरम होती, त्यामुळे तिला शेजार नको होता. दुसरी जवळ आली तशी तिने तिच्या डोक्यात चोच मारली. दुसरी थोडी सरकली आणि तिने तिसरीला मारली. तिसरीने चौथीला. लग्नाच्या पंगतीत मानकरी बसावेत तशी दांडी खिडकीपासून भरत गेली. कधीच कुणाला न मारणारी एक तांबडी कोंबडी सगळ्यांत शेवटी चढली. तिला मधे जागा असूनही मिळाली नाही. ढकलत ढकलत ती थेट भिंतीपर्यंत गेली आणि फळीखालच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली.

भिंगने बोटांवर मोजलं. उनाड सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांच्या चोचीखाली. ती असेपर्यंत हा कोपरा तिचा. ती घरात आली की कोपरा भित्रीचा. आज दोघीही नाहीत, तर कोपरा तांबडीचा.

दुखणं कोंबडीला नव्हतंच. दुखणं जागेला होतं.

ती धावत घरात गेली. "आत्या, पांढरं सुती कापड दे. स्वच्छ."

"कशाला?"

"दांडीच्या शेवटच्या टोकाला गुंडाळायचंय. घड्या घालून, सैलसर."

"आणि ती तांबडी? ती तिथेच बसणार?"

"एकच रात्र."

"म्हणजे तिसरी बळी द्यायची?" आत्याने तिच्याकडे रोखून बघितलं. रुग्णाच्या नातेवाइकाकडे बघावं तसं. मग कपाटातून तिने जुनी चादर काढली आणि स्वतःच टरकावली. "चुकलीस तर उद्या डॉक्टर पिशवी उघडेल तेव्हा आठही तूच त्याच्या हातात द्यायच्या, आणि मी तुझ्याशी बोलणार नाही."

६

शनिवारी डॉक्टर आला तेव्हा अंगणातल्या टेबलावर कापडाची घडी ठेवली होती. भिंतीवरून घड्याळवाल्याचं डोकं दिसत होतं. आरोपी म्हणून आपल्याला हजर राहायचा हक्क आहे असं त्याचं म्हणणं होतं. आतोबा पायरीवर बसले होते आणि त्यांच्या पायाशी तांबडी जराशी मलूल, पण स्वतःच्या पायांवर उभी होती.

"हे कापड रात्रभर दांडीच्या टोकाला होतं," भिंग म्हणाली आणि तिने एकेक घडी उलगडली.

आतल्या घड्यांमध्ये तांबडे ठिपके होते. सुईच्या टोकाएवढे, कुठे चिरडून पसरलेले, कुठे गोळा होऊन बसलेले. डॉक्टरने घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावलं. ठिपके चालत होते.

"किडे!" तो म्हणाला. "पण मी उनाडचं पीस न् पीस बघितलं होतं."

"दिवसा बघितलीत. हे दिवसा कोंबडीच्या अंगावर राहतच नाहीत. गोचिडीच्या जातीतले, पण तिच्यासारखे चिकटून बसत नाहीत. अंधार पडला की फटीतून निघतात, रक्त पितात आणि उजाडायच्या आत फटीत परत. म्हणून तुरा फिका. म्हणून सकाळी मलूल आणि संध्याकाळी जरा बरी. हे काकांनी बघितलं होतं. म्हणून घरात आणली की गुळाच्या पाण्याने बरी. पाणी नुसतंच पाजलं असतं तरी झाली असती."

"गुळाने शक्ती येते," आत्या म्हणाली.

"येते. पण भित्रीच्या खाण्यात काहीच न बदलता तिला दुखणं आलं, कारण तिची जागा बदलली. आजार एकीकडून दुसरीकडे गेला नाही. दुसरी त्याच्याकडे गेली."

डॉक्टरने हळूच विचारलं, "पण दरवर्षी चुना मारलेल्या खुराड्यात हे आले कुठून? आणि एकाच कोपऱ्यात?"

"चुना सगळीकडे लागलेला नाही," भिंग म्हणाली, आणि पक्कड घेऊन खुराड्यात शिरली.

"थांब," आतोबा म्हणाले.

ते पायरीवरून उठले होते. त्यांनी पक्कड तिच्या हातातून घेतली आणि फळी स्वतः उचकटली. मागे छपराच्या वळचणीत गवत, सुतळ्या, पिसं यांचं एक घरटं होतं. रिकामं. बाहेरून पत्र्याखालून त्यात जायला वाट होती. फळीची मागची बाजू तांबड्या किड्यांनी गजबजलेली होती.

"चुना मारायला आलो तेव्हा आत चिमणीची पिल्लं होती," आतोबा म्हणाले. ते आत्याकडे बघत नव्हते. "डोळेही न उघडलेली. तुला सांगितलं असतं तर तू घरटं तिथल्या तिथे जाळलं असतंस. म्हणून फळी ठोकली आणि भोवतीने चुना मारला."

"तुम्ही मला म्हणालात, सगळं खुराडं रंगवलं."

"फळी सोडून सगळं रंगवलं."

"आणि पिल्लं उडाल्यावर?"

"काढणार होतो. मग वाटलं, जोडी परत येईल."

पुढचं भिंगने सांगितलं, कारण दोघंही सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. घरट्यात पिल्लं होती तोवर किड्यांना तिथेच अन्न होतं. पिल्लं उडाली, किडे उपाशी राहिले, आणि फळीखाली सगळ्यांत जवळ जी झोपत होती तिच्याकडे उतरले. तेव्हापासून उनाड सकाळी बाहेर यायची थांबली. उनाड पहिल्यांदा घरात होती तेव्हा भित्री तिथे झोपूनही तगली, कारण किडे थोडे होते; आता ते इतके वाढले होते की एका रात्रीत ती बसली.

डॉक्टरने पिशवीची चेन लावली. "घरटं, फळी, दांडी, तिन्ही जाळा. फटी ज्योतीने भाजून काढा. सगळ्यांना औषध देतो. चार-सहा दिवसांनी हे सगळं परत करा, अंड्यातून नवे निघतात. कुणाला मारायचं काही कारण नाही."

आत्या पायरीवर बसली, आतोबा उठून गेले होते त्याच जागी. बराच वेळ ती हातातल्या चादरीच्या उरलेल्या तुकड्याच्या घड्या घालत राहिली.

"उनाड आपोआप बरी झाली असती तर तुम्ही कधी सांगितलंच नसतंत," ती नवऱ्याला म्हणाली.

"नसतं," आतोबा म्हणाले.

"आणि मेली असती तर?"

आतोबांनी पक्कड खाली ठेवली. "तेव्हाही सांगायची हिंमत झाली असती असं वाटत नाही."

"घरटं जाळायचं काम तुम्ही करा," आत्या म्हणाली. "मी बघत उभी राहणार नाही."

मग ती उठली, पदर खोचला आणि भिंतीपाशी गेली. घड्याळवाल्याचं डोकं अजून तिथेच होतं. भिंगला वाटलं, वॉर्डातल्या इतक्या वर्षांत आत्याने कुणाचीही माफी मागितली नसावी. तिला सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं.

"तुमच्या त्या राखेत विष नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"मला माहीत होतं."

"मी गल्लीत सांगितलं होतं."

"तेही मला माहीत होतं."

"आता उलटं सांगून येते. घरोघरी." तिने चपला पायात सरकवल्या. "तुमच्यापासून सुरुवात करायची म्हणून आले."

घड्याळवाला खाकरला. रागीट माणसाला राग नेमका हवा तेव्हा सापडू नये तसा त्याचा चेहरा झाला.

"मला माफीबिफी नको सिस्टर. कोंबड्या वाफ्यात येणार नाहीत एवढं सांगा, बस."

आत्याने मागे वळून बघितलं. उनाड टोपली उलथून अंगणात आली होती.

"ते मला नाही सांगता येणार," आत्या म्हणाली, आणि फाटक उघडून पहिल्या घराच्या दिशेने चालू लागली.